घरच्या मांजराला शिकवताना : पाटापासून पेटीपर्यंत

मांजर काही शिकत नाही, ते आपल्याच तालात वागते, असे मांजर पाळणारी माणसेही सहज बोलून जातात. प्रत्यक्षात ज्या घरात मांजर आहे तिथे ते रोज काही ना काही शिकतच असते. फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज आणि कपाटाचे दार उघडल्याचा आवाज यांतला फरक त्याला कळतो, मासळीवालीची हाळी गल्लीच्या तोंडाशी आली की ते उंबऱ्यावर येऊन बसते, आणि पहाटे घरातल्या कोणाला पंजा लावून उठवले तर ताटली भरते व कोणाला उठवले तर हाकलून दिले जाते, हेही त्याने केव्हाच हेरलेले असते. हे सगळे कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. त्या त्या वेळी त्याच्या पदरात काहीतरी पडले, म्हणून ते त्याच्या लक्षात राहिले. घरी मांजराला करामती शिकवायच्या तर त्याच्या याच हिशेबी स्वभावाचा उपयोग करून घ्यावा लागतो.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1898 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या खोक्यात कोंडले होते आणि खाणे बाहेर ठेवले होते. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की खोक्याचे दार उघडे. पहिल्या खेपेस मांजर ओरबाडत, चावत, अंग घुसवत धडपडे आणि केव्हातरी योगायोगाने त्याचा पंजा दोरीला लागे; पण खेपा वाढत गेल्या तशी निष्फळ धडपड गळत गेली आणि सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीमागून लगेच सुखाचा अनुभव येतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा नियम त्याने त्यातून मांडला. पुढे सांगितलेली प्रत्येक युक्ती याच नियमावर उभी आहे.

कुत्र्याच्या बाबतीत नुसत्या शाबासकीवरही पुष्कळ भागते, कारण कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी, माणसाच्या सांगण्यावरून वागणारा म्हणून निवडला गेला. मांजर मात्र धान्याच्या साठ्याभोवती जमणाऱ्या उंदरांच्या मागे आपल्या पायांनी माणसाजवळ आले, आणि सांगलीच्या गणपती पेठेत पोत्यांच्या थप्पीवर ताणून दिलेली मांजरे पाहिली, तर हा जुना करार अजून मोडलेला नाही हे पटते. त्यामुळे हुकूम आणि दरारा ही दोन्ही हत्यारे सुरुवातीलाच बाजूला ठेवावीत. मोबदला परवडला तर मांजर काम करते, न परवडला तर उठून जाते, आणि ते उठून गेले तर त्या दिवसाची शिकवणी संपली असे समजावे.

वेळ आणि जागा

पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसांचा हात त्याच्या अंगवळणी पडला असेल तर पुढचे काम बरेच सोपे जाते. तसे झाले नसले तरी निराश होण्याचे कारण नाही. मोठे मांजरही शिकते, फक्त त्याचा विश्वास बसण्यास अधिक दिवस लागतात. मांजर पहाटे आणि सांजवेळी सर्वाधिक तरतरीत असते, म्हणून संध्याकाळच्या जेवणाआधीची वेळ शिकवणीस उत्तम होय. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा दुपारी न्हाणीघराच्या गार फरशीवर आडव्या पडलेल्या मांजराला उठवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

ताटली दिवसभर भरलेली असेल तर खाऊसाठी मांजर का राबेल? दोन ठरावीक वेळा जेवण द्यावे आणि मधल्या वेळी ताटली उचलून ठेवावी. मात्र भूक लागू देणे वेगळे आणि उपाशी ठेवणे वेगळे. एखादे मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकते. म्हणून शिकवणी जमली नाही तरी त्याचे जेवण त्याला वेळेवर मिळालेच पाहिजे.

एका वेळी तीन ते पाच मिनिटे पुरे होतात. दिवसातून अशा दोन बैठका झाल्या तरी खूप झाले. मांजराला कंटाळा येण्यापूर्वी आपणच थांबावे. खोलीचे दार लावून घ्यावे, टीव्ही बंद असावा आणि घरात दोन मांजरे असतील तर दुसरे बाहेर ठेवावे. एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण येते : आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो आणि काका नुसतेच बोट दाखवतात. कोणता शब्द आणि कोणती खूण वापरायची हे घरात आधी ठरवून घ्यावे, आणि निदान सुरुवातीच्या काळात एकाच माणसाने शिकवावे.

खाऊ कोणता आणि किती

खाऊचा कण मुगाच्या दाण्याएवढा असावा, म्हणजे तो चावत बसण्यात वेळ जात नाही आणि पोटही लवकर भरत नाही. मीठ, हळद आणि फोडणी न घालता नुसत्या पाण्यात उकडलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसाचे धागे हा बहुतेक मांजरांना चालणारा खाऊ आहे. काटे काढलेला उकडलेला मासा किंवा उकडलेले अंडेही चालते. आमच्याकडची मनी कोंबडीकडे पाठ फिरवील, पण अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या चिमटीसाठी माळ्यावरून खाली येईल. तेव्हा आपल्या मांजराचा जीव कशात आहे हे दोन-तीन पदार्थ शेजारी ठेवून आधी पाहून घ्यावे. सर्वांत आवडता पदार्थ रोजच्या जेवणात न देता फक्त शिकवणीसाठी राखून ठेवावा. खारवलेली सुकी मासळी देऊ नये.

मांस-मासे न शिजणाऱ्या घरांत बाजारात मिळणारा मांजराचा तयार खाऊ वापरावा. पनीरचा कण अधूनमधून चालतो, पण मांजर हा मांसावरच जगणारा प्राणी आहे आणि त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य दूध-पोळीतून पुरेसे मिळत नाही, त्यामुळे अशा घरांत रोजचे जेवण तरी मांजरासाठी बनवलेल्या तयार अन्नाचेच असावे. दुधाची बशी ही आपल्या घरोघरची रीत असली तरी अनेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. गोडाचा तर प्रश्नच येत नाही : मांजराला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखणाऱ्या ग्राहीसाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात निकामी झालेले आहे, असे 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. साताऱ्याचा कंदी पेढा मांजराने चाटला तर तो त्यातल्या स्निग्धांशासाठी. तो आपणच खावा हे उत्तम.

काही पदार्थांच्या बाबतीत मात्र हयगय चालणार नाही. कांदा आणि लसूण यांमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो, म्हणून लसूण घातलेला भडंग सांगलीचा कितीही नामांकित असला तरी त्याचा एक दाणाही मांजरासमोर टाकू नये आणि रश्श्यातला मटणाचा तुकडा धुऊनसुद्धा देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत आणि मांजरांनाही ते देऊ नयेत असाच पशुवैद्यांचा सल्ला असतो. तासगावच्या बाजूच्या घरांत बेदाण्याची परात उघडी असते, तिच्यावर झाकण असू द्यावे. चॉकलेटही वर्ज्य.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. चार किलो वजनाच्या घरगुती मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. म्हणजे 20 ते 25 कॅलरी झाल्या, ज्या उकडलेल्या कोंबडीच्या सुमारे 12 ते 15 ग्रॅममध्ये येतात. तेवढे मांस सकाळीच एका वाटीत काढून ठेवावे. वाटी रिकामी झाली की शिकवणी आटोपावी आणि रात्रीच्या जेवणातून तेवढा वाटा कमी करावा.

‘टक्’ हा आवाज

मांजराने योग्य कृती केली आणि आपण वाटी शोधून खाऊ दिला, तोवर तीन-चार सेकंद गेलेले असतात. तेवढ्यात ते उठलेले असते, कान खाजवून झालेले असते, आणि खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. ही फट बुजवण्यासाठी एक छोटा, नेहमी सारखाच येणारा आवाज वापरतात. त्यासाठी क्लिकर नावाची डबी बाजारात मिळते, पण खटक्याचे बॉलपेन किंवा जिभेने टाळूवर काढलेला ‘टक्’ तेच काम करतो. जिभेचा आवाज मला अधिक सोयीचा वाटतो, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि तो हरवत नाही. क्लिकरच्या आवाजाने मांजर दचकत असेल तर डबी रुमालात गुंडाळून किंवा खिशात ठेवून दाबावी.

पहिल्या एक-दोन बैठकांत काहीच शिकवायचे नाही. टक् करावे आणि लगेच, सेकंदाच्या आत, खाऊ द्यावा. काही क्षण थांबून पुन्हा तसेच करावे. आवाज होताच मांजर खाऊच्या दिशेने वळू लागले की त्याला संबंध कळला. यापुढे टक् केले आणि खाऊ दिला नाही असे एकदाही होऊ देऊ नये, चुकून टक् झाले असले तरीही.

इथे मांजराच्या नजरेची एक खोड लक्षात ठेवावी लागते. नाकासमोरच्या साधारण वीतभर अंतरातले त्याला स्पष्ट दिसत नाही. तिथे ते मिशा आणि नाक यांवर विसंबते. म्हणून शहाबादी फरशीवर खाऊचा कण टाकला तर अगदी पायाशी पडलेला असूनही मांजर गोंधळून इकडेतिकडे हुंगत राहते आणि शिकवणीची लय तुटते. कण एखाद्या पसरट ताटलीत टाकावा, किंवा तो पडला तिथे बोटाने टिचकी मारून दाखवावा.

पेन्सिल, बैठक आणि पाट

सर्वांत आधी पेन्सिलीला नाक लावायला शिकवावे, कारण पुढच्या निम्म्या करामती त्यातूनच निघतात. नाकाच्या उंचीवर, थोड्या अंतरावर पेन्सिलीचे खोडरबराचे टोक धरले की कोणतेही मांजर ते हुंगायला पुढे होते. ही त्याची उपजत रीत आहे. नाक टेकताक्षणी टक् आणि खाऊ. पेन्सिल आपण मांजराकडे न्यायची नाही, मांजराने पेन्सिलीकडे यायचे. ते न चुकता नाक लावू लागले की टोक कधी डावीकडे, कधी दोन पावले पलीकडे धरावे. आता जिथे पेन्सिल जाईल तिथे मांजर जाते, आणि त्याला उचलून, ढकलून वा ओढून कुठेही नेण्याची गरज उरत नाही.

बसायला शिकवणे वरवर सोपे वाटते, पण त्यात हाताची चाल फार महत्त्वाची असते. खाऊचा कण अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत धरून मांजराच्या नाकासमोर दोन बोटांच्या अंतरावर न्यावा आणि तिथून हात सावकाश कपाळावरून, दोन्ही कानांच्या मधून, किंचित मागच्या बाजूला सरकवावा. नजर खाऊच्या मागे वर जाते, मान मागे कलते, पाठ तिरपी होते आणि मागचे पाय आपोआप दुमडू लागतात. बूड जमिनीला टेकले त्याच क्षणी टक् करावे; टेकण्यापूर्वी नाही आणि उठल्यावर तर नाहीच. हात फार उंच गेला तर मांजर मागच्या पायांवर उभे राहून पंजाने चिमूट ओढते. हात घाईने मागे गेला तर ते गर्रकन वळते. मागे मागे सरकणाऱ्या मांजराला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे केल्यास त्याचे सरकणे थांबते. पाठीवर दाबून त्याला बसवू नये. दाबले की मांजर विरुद्ध बाजूने रेटा देते आणि आपल्या हाताविषयी त्याच्या मनात अढी बसते.

पाच-सहा वेळा हे बिनचूक झाले की पुढच्या वेळी चिमूट रिकामी ठेवून तीच चाल करावी आणि खाऊ दुसऱ्या हाताने द्यावा. ही पायरी अनेक जण गाळतात, आणि मग मांजर हातात खाऊ दिसल्याशिवाय बसत नाही अशी तक्रार करतात. रिकाम्या हाताची चाल पक्की झाल्यावरच ‘बस’ हा शब्द जोडावा : आधी शब्द, नंतर हाताची चाल. काही दिवसांनी नुसता शब्द पुरतो. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मतः बहिरेपण बरेच आढळते. अशा मांजरासाठी टक् ऐवजी अंगठा उंचावण्याची खूण वापरावी आणि शब्दाच्या भानगडीत पडू नये.

बैठक आली की पाट आणावा. स्वयंपाकाच्या ओट्यावर उडी मारणाऱ्या मांजराला दिवसातून दहादा खाली उतरवत बसण्यापेक्षा ओट्यापासून चार हातांवर एक जुना लाकडी पाट मांडून तिथे बसणे फायद्याचे आहे हे त्याला शिकवणे कितीतरी सुखाचे. पेन्सिलीने त्याला पाटाकडे न्यावे. पहिल्यांदा एक पंजा पाटावर पडला तरी टक् करावे, मग दोन पंजे, मग चारही, आणि नंतर पाटावर बसल्यावरच. चढण्यापेक्षा टिकून राहणे अवघड असल्यामुळे थांबण्याचा वेळ मात्र अगदी थोडा थोडा वाढवावा : दोन सेकंद, पाच सेकंद, भाकरी थापून होईपर्यंत. खाऊ नेहमी पाटावरच द्यावा, हातात धरून ओट्याजवळ बोलावून देऊ नये. या काळात ओट्यावर एकदाही काही खाण्याजोगे उघडे राहता कामा नये, कारण चोरून मिळालेली एक मासळी पाटावरच्या साऱ्या कमाईवर पाणी फिरवते.

हाकेला येणे

मांजराला स्वतःचे नाव कळते का, याची तपासणी जपानमधील संशोधकांनी केली आणि 2019 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाळीव मांजरे स्वतःचे नाव तशाच लयीच्या इतर शब्दांहून वेगळे ओळखतात, असे त्यांत दिसून आले. परक्या माणसाने नाव घेतले तरी त्यांचे कान-डोके हलते. पण नाव ओळखणे आणि हाकेसरशी येणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय घरात आपण मांजराचे नाव लाडाने, रागाने, कौतुकाने दिवसभर घेत असतो, त्यामुळे ते नाव बोलावण्याच्या कामी बोथट होऊन जाते. म्हणून हाकेसाठी निराळा शब्द किंवा आवाज ठरवावा : स्टीलच्या वाटीवर चमच्याचे तीन ठोके हा आवाज दूरवर जातो आणि तो घरातला कोणीही काढू शकतो.

पहिले काही दिवस जेवणाची ताटली खाली ठेवण्याआधी हे तीन ठोके वाजवावेत. नंतर मांजर त्याच खोलीत पण पाठमोरे असताना, मग पलीकडच्या खोलीत असताना, मग गच्चीवर असताना ठोके वाजवून बोलवावे, आणि आल्याबरोबर त्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ द्यावा. इतर करामतींना पुढे टक् आणि खाऊ दोन्ही कधी द्यावेत, कधी न द्यावेत; तशाने सवय उलट अधिक पक्की होते. हाकेला आलेल्या मांजराला मात्र रिकाम्या हाताने परत पाठवू नये. आणि औषध पाजायचे आहे, अंघोळ घालायची आहे किंवा नखे कापायची आहेत म्हणून त्या ठोक्यांनी कधीही बोलावू नये. त्या कामांसाठी आपण उठून मांजरापाशी जावे.

ही करामत पाहुण्यांपुढे मिरवण्यासारखी नाही, पण दिवाळीत गल्लीत फटाके सुरू होण्याआधी किंवा विसर्जन मिरवणुकीचे ढोल दारात येण्याआधी मांजर घरात घेऊन दार लावता येते.

पेटीत शिरणे

मांजर नेण्यासाठी जाळीच्या दाराची प्लास्टिकची पेटी मिळते. बहुतेक घरांत ती माळ्यावर असते आणि लसीच्या दिवशीच खाली येते; म्हणून ती दिसताच मांजर पलंगाखाली जाते, मग त्याला बाहेर ओढावे लागते, ओरखडे निघतात आणि पुढच्या वेळी ते आणखी आधी पळते. एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर ती हीच शिकवावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यामागे कृष्णाकाठचे एक खास कारणही आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी पुराचे पाणी सांगलीच्या वस्तीत शिरले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी मानली जाते, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. दारात बोट येते तेव्हा निघायला हाताशी मोजकी मिनिटे असतात. घाबरलेले मांजर अशा वेळी माळ्याच्या टोकाला जाऊन बसते, आणि कडेवर घेऊन बोटीत बसावे तर इंजिनाच्या आवाजाने हातातून उसळी मारते. स्वतःहून पेटीत शिरणारे मांजर घराबाहेर काढणे त्या मानाने फारच सोपे. गावभागात, सांगलीवाडीत किंवा हरिपूर रस्त्याला राहणाऱ्यांनी ही तयारी मे महिन्यातच सुरू करावी.

पेटी खाली आणून पुसून घ्यावी आणि शक्य असेल तर तिचा वरचा अर्धा भाग व दार काढून ठेवावे. उरलेल्या तळाच्या भागात मांजर ज्यावर नेहमी झोपते तीच गोधडी किंवा जुन्या लुगड्याची घडी घालावी. धुतलेली नको, त्याच्या अंगाचा वास असलेली. ही पेटी बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात कायमची ठेवावी आणि तिच्यात मधूनमधून खाऊचे कण टाकून ठेवावेत. मांजर आत झोपू लागले की अर्धी लढाई जिंकली. मग वरचा भाग बसवावा, काही दिवसांनी दारही जागेवर बसवावे, पण उघडेच ठेवावे. आता पेन्सिलीने किंवा हाताच्या खुणेने मांजराला आत नेऊन ‘पेटी’ हा शब्द जोडावा आणि खाऊ नेहमी पेटीच्या अगदी मागच्या भिंतीशी द्यावा, म्हणजे सबंध अंग आत जाते.

दार बंद करण्याची पायरी अतिशय सावकाश चढावी. क्षणभर दार लोटून, जाळीतून एक कण देऊन लगेच उघडावे. मांजर शांत राहिले तर पुढच्या वेळी कडी लावून दहा सेकंद, मग अर्धे मिनिट, मग आत बसून जेवण होईपर्यंत. ओरडू लागल्यास आपण घाई केली असे समजून एक पायरी खाली यावे. त्यानंतर पेटी उचलून खोलीत फिरवावी; तेव्हा ती वरच्या मुठीने लोंबती न धरता खालून दोन्ही हातांनी छातीशी धरावी, कारण हेलकाव्याने मांजर तोल सावरण्यासाठी नखे रोवते आणि घाबरते. मग जिन्यापर्यंत, मग रिक्षात बसून कोपऱ्यापर्यंत आणि परत. दुचाकीच्या पुढच्या मोकळ्या जागेत पेटी नेणारे पुष्कळ दिसतात. न्यायचीच असेल तर ती दोरीने घट्ट बांधलेली हवी.

दवाखान्यात पोहोचल्यावरही थोडे शहाणपण लागते. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बाहेर खोड्यात उभी केलेली म्हैस हंबरत असते, दावणीला शेळ्या असतात आणि बाकाखाली कोणाचा तरी कुत्रा असतो. पेटीवर जाड टॉवेल टाकून तिन्ही बाजू झाकाव्यात, पेटी जमिनीवर न ठेवता बाकावर किंवा मांडीवर घ्यावी आणि घरी परतल्यावर पेटीतच थोडा खाऊ देऊन मग दार उघडावे.

पाहुण्यांसाठीच्या करामती

हात देणे शिकवण्यासाठी खाऊ मुठीत बंद करून जमिनीजवळ धरावा. मांजर आधी हुंगते, चाटते आणि मग पंजाने मूठ उकरते. पंजा लागला की टक्. पुढे मुठीऐवजी उघडा तळहात धरावा, आणि तोच तळहात उभा करून वर नेला की टाळी द्यायला शिकते. गोल फिरवण्यासाठी पेन्सिलीने अर्धे वर्तुळ, मग पुरे वर्तुळ काढावे. कड्यातून उडी मारायला मुलांची प्लास्टिकची मोठी रिंग चालते : आधी ती जमिनीला टेकवून धरावी आणि मांजराला तिच्यातून नुसते चालत जाऊ द्यावे, मग चार बोटे वर, मग वीतभर. गुळगुळीत फरशीवर उतरताना पाय घसरतात, म्हणून पलीकडे सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. लहान पिल्लाकडून, गाभण मांजरीकडून आणि वयस्क मांजराकडून उड्या मारून घेऊ नयेत. दहा-बारा वर्षांपुढच्या मांजरांत सांधेदुखी फार असते आणि ती सहसा दिसून येत नाही. लेझरच्या लाल ठिपक्यामागे पळवणे ही करामत नव्हे; त्यात मांजराच्या हाती शेवटी काहीच लागत नाही आणि डोळ्यांत किरण जाण्याचा धोका असतो.

कधी थांबावे

शेपटीचे टोक फटके मारू लागले, कान बाजूला पडले, पाठीची कातडी थरथरली किंवा बुबुळे एकाएकी मोठी झाली, तर यांपैकी एकही खूण पुरेशी समजून त्याच क्षणी थांबावे. ओरडणे, पाण्याचा फवारा मारणे, मानेची कातडी धरून उचलणे यांमुळे मांजर एवढेच शिकते की हा माणूस जवळ आला की दूर जावे. मुले शिकवत असतील तर मोठ्यांपैकी कोणीतरी जवळ बसावे. दात किंवा नख लागून रक्त आलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. हळद किंवा चुना भरून घरी बसू नये. मांजराचीही रेबीजची लस पशुवैद्यांनी सांगितलेल्या वेळी टोचून घ्यावी, मग ते घराबाहेर पडत नसले तरी.

एक प्रकार मात्र कंटाळा म्हणून सोडून देऊ नये. रोज आनंदाने पाटावर चढणारे मांजर एकाएकी चढेनासे झाले, किंवा आवडीचा खाऊ तोंडात घेऊन खाली टाकू लागले, तर शिकवणीत दोष शोधण्याआधी दात, हिरड्या आणि सांधे तपासून घ्यावेत. बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी उद्याची वाट न पाहता, घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच न देता, कारण ती मांजराच्या जिवावर बेतते, त्याला पेटीत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.